जरा पाठ टेकते

गोळ्या बंद होऊन आता बरेच दिवस झाले. मी चालते. जिने चढते. मेट्रोत जागा मिळाली नाही तर उभी राहते, आणि उभं राहता येतंय म्हणून मनातल्या मनात खूश होते. ओळखीच्या बायका म्हणतात, प्रज्ञा, तू लिही, दुसऱ्या कुणाला धीर येईल. येईल की नाही ते मला माहीत नाही. मी रागावलेली आहे हे आधीच सांगून टाकते, आणि माझा राग आजारावर नाही. आजाराचं काय, जंतू होता, गोळ्यांनी मेला, विषय संपला.

मणक्याचा टीबी झाला होता मला. त्यातलं वैद्यकीय जे काही आहे ते तुम्हाला तुमचे डॉक्टर सांगतील. मी एवढंच सांगते की तुमची कंबर महिनोन्‌महिने दुखत असेल, संध्याकाळी अंग कसकसत असेल, आणि समोरचा म्हणत असेल की 'बायकांची कंबर दुखतेच', तर त्याचं ऐकू नका. तपासणी करून घ्या. तो समोरचा डॉक्टर असला तरीही.

'कितनी पतली हो गई हो!'

माझं माहेर नागपूरचं, सासरही तिथलंच. नवरा सुमेध दिल्लीत सरकारी खात्यात अधिकारी आहे आणि मी गुरुग्रामच्या एका कंपनीत आहे. माझं ऑफिस जवळ म्हणून आम्ही गुरुग्राममध्येच एका उंच सोसायटीत राहतो. मुलगी उत्पला तेव्हा पहिलीत होती.

दुखणं सुरू झालं ते मशीनमधले कपडे काढायला वाकले तेव्हा. मग उत्पलाला उचलताना. मग कुकर उतरवताना. संध्याकाळी ऑफिसमधून आले की मी म्हणायचे, "जरा पाठ टेकते." तोंडातलं वाक्य संपायच्या आत कुणीतरी हाक मारायचं. उत्पलाचा होमवर्क, नाहीतर दारात इस्त्रीवाला, नाहीतर सुमेध विचारायचा, "आज जेवायला काय आहे?" प्रश्न साधाच. पण घरात दोन माणसं नोकरीहून दमून आलेली असताना हा प्रश्न एकाच माणसाला का विचारला जातो, हे मी तेव्हा विचारलं नाही, कारण कणीक मळायची होती.

हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला झोपवलंसुद्धा नाही. म्हणाले, "वर्किंग मदर्स में कॉमन है. योगा कीजिए." सुमेध म्हणाला, "लॅपटॉपवर वाकडी बसतेस यार तू. पोश्चर सुधार." सासूबाई फोनवर म्हणाल्या, "बाळंतपणात कंबर नीट शेकली नसेल तुझी." म्हणजे तिघांच्याही मते चूक माझीच.

वजन उतरायला लागलं. भूक नव्हती. तर खाली बागेत बायका भेटल्या की विचारायच्या, "कितनी पतली हो गई हो! क्या खाती हो, हमें भी बताओ." मी हसायचे. आज आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. माझं हाड आत कुजत होतं आणि लोक माझं अभिनंदन करत होते.

मग एक दिवस सकाळी मी ओट्यापाशी पोळ्या करत होते, तेव्हा उत्पला म्हणाली, "आई, तुझी चप्पल तिकडे राहिली." बघितलं तर उजव्या पायातली चप्पल दारापाशी पडलेली. पायातून कधी निसटली मला कळलंच नव्हतं. पाय जमिनीवर होता आणि जमीन गार आहे हे पायाला कळत नव्हतं. मी गॅस बंद केला. उरलेल्या पोळ्या तशाच ठेवल्या. लग्नानंतर पहिल्यांदा कणीक तशीच उघडी टाकून मी घराबाहेर पडले.

निदानाचा दिवस

एमआरआयला आत जाताना अंगावरचं सगळं काढून द्यावं लागतं. बांगडी, घड्याळ, फोन. फोन सुमेधच्या हातात दिला. ते यंत्र कसं धडधडतं ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना माहीत आहे. मी डोळे मिटून पडले होते, आणि खरं सांगू, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणी हाक मारत नव्हतं. भीती वाटत होती तरी बरंही वाटत होतं. हे सांगायला मला लाज वाटत नाही, लाज दुसऱ्या कुणाला वाटायला हवी.

बाहेर आले तर सुमेधने फोन पुढे केला. "अगं, केवढे फोन आले तुला! गेटवाला, मग बसवाला, मग परत गेटवाला."

"मग काय म्हणाले?"

"तुझे होते, म्हणून मी उचलले नाहीत."

आमच्या सोसायटीत कुणीही आलं, कामवाली असो, पार्सल असो, गॅसवाला असो, गेटवरचा गार्ड घरच्या नंबरवर फोन करतो. 'हो' म्हटलं तरच माणूस आत येतो. घरचा नंबर म्हणजे माझा नंबर. शाळेत माझा, बसमध्ये माझा, गॅसच्या नोंदणीत माझा. घर घेतलं त्या दिवशी सुमेध गार्डला मोठ्या कौतुकाने म्हणाला होता, "भैया, मॅडम से पूछ लो. घर में तो इन्हीं की चलती है." सगळे हसले होते. मीही हसले होते.

थोड्या वेळाने डॉक्टरांनी आत बोलावलं. पिकलेल्या दाढीचे, शांत सरदारजी होते. त्यांनी फोटो उजेडावर धरून दाखवलं की मणका कुठे खाल्ला गेलाय आणि त्यातला पू नसेवर कुठे दाबतोय. म्हणाले, "बेटा, दवाई लंबी चलेगी. पर ठीक हो जाएगा." मग आवाज जरा कडक केला. पहिले काही महिने झोपून राहायचं. पट्टा बांधल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. वाकायचं नाही, काही उचलायचं नाही, मुलीला तर अजिबात नाही. मणका खचला आणि नस दबली तर पाय जातील, आणि गेलेले पाय परत येतीलच असं नाही.

"घर में देखने वाला कौन है?"

सुमेधने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मैं हूँ ना, सर."

मला रडू आलं. किती चांगला नवरा आहे माझा, असं वाटलं. बाहेर बाकावर बसून मी नाक पुसलं आणि पहिली गोष्ट काय केली? गेटवर फोन लावला आणि कामवालीला आत सोडायला सांगितलं. ती बिचारी तासभर उन्हात उभी होती. सुमेध शेजारीच बसला होता, पाणी पीत.

प्रतिज्ञा

आमच्या लग्नात सप्तपदी नसते. पांढरे कपडे घालून, बुद्धमूर्तीसमोर उभं राहून नवरा-बायको प्रतिज्ञा घेतात. नवऱ्याच्या प्रतिज्ञांमध्ये एक आहे, की मी पत्नीचा सन्मान करीन. आणखी एक आहे, की घरातला अधिकार तिच्या हाती देईन. सुमेधचा आवाज खणखणीत. हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. माझी आई नागपूरच्या महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, ती पदराने डोळे टिपत होती. तिच्या लेकीला कुणी पायाची दासी म्हणणार नव्हतं. आमच्या माणसांनी ही गोष्ट फार कष्टाने मिळवली आहे, आणि तिची मला आजही किंमत आहे.

म्हणून तर जास्त राग येतो. सुमेधला सगळं माहीत आहे. दिल्लीतल्या आपल्या लोकांच्या मासिक सभेत स्त्री-पुरुष समतेवर बोलायचं असलं की माइक त्याच्याकडे जातो, आणि तो छान बोलतो, मी ऐकलंय. सभेवरून घरी आल्यावर पायातले मोजे सोफ्याखाली सारतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

तो वाईट माणूस नाही, हे मला सारखं सांगावं लागतं. हात उचलत नाही, दारू पीत नाही, माझ्या पगाराला हात लावत नाही. सुट्टीच्या दिवशी ऑम्लेट करतो. 'मी प्रज्ञाला मदत करतो' असं चारचौघांत सांगतो. मदत! घर माझं एकटीचं, मूल माझं एकटीचं, आणि हा आपला भला शेजारी, अडीनडीला धावून येणारा. अधिकार दिला म्हणाला होता ना माझ्या हाती? दिलाच की. रोज सकाळी वाजायला लागतो तो, आणि मी अंघोळीला गेले तरी दार वाजवून कुणीतरी तो माझ्या हातात आणून देतं.

आडवी

पहिल्या दिवशी सुमेधने तोडगा काढला. "तुझ्या आईला बोलावून घेऊ."

त्याने मोठी रजा काढायचा विचार केला नाही. त्याच्या आईलाही बोलावलं नाही, कारण त्यांचं बीपी. माझ्या आईचे गुडघे गेलेत, ते कुणी मोजत नाही. एक बाई पडली की तिच्या जागी दुसरी बाई आणायची, पंख्याचं कपॅसिटर बदलतात तसं.

आई आली. नागपूरहून डब्यात तिळाची चटणी घेऊन आली, आणि पदर खोचून कामाला लागली. सकाळच्या गोळ्यांनी मला मळमळायचं, लघवीला केशरी रंग यायचा, तोंडाची चव गेली होती. आई वाटीत लिंबू पिळलेलं वरण आणायची आणि लहान मुलाला भरवावं तशी भरवायची. मला रडू यायचं. "रडतं काहून? पड तू. मी करते," म्हणायची. दुपारी तिचे सुजलेले गुडघे मला दाराच्या फटीतून दिसायचे, स्टुलावर ठेवलेले. मी तिला मलम लावून देऊ शकत नव्हते, कारण मला वाकायची मनाई होती.

महिनाभरात तिला धड उभंही राहता येईना, तेव्हा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. जाताना ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "पोरी, आपण दोघी मिळून एका माणसाचा संसार ओढत होतो, अन् त्याला वाटते तो आपोआपच चालते." आईच्या तोंडून असं काही मी कधी ऐकलं नव्हतं. बाबा गेल्यावरही तिने त्यांना कधी नावं ठेवली नव्हती.

त्यानंतर घर चालवलं मी. आडव्यानेच. फोन छातीवर ठेवलेला असायचा. गार्डचा फोन, बसवाल्याचा फोन, गॅसचा कोड. शाळेच्या ग्रुपवर मेसेज, की उद्या मुलांना भाजी बनवून पाठवा. म्हणजे भाजी करून नव्हे, मुलांनाच भाजीच्या वेषात! मी छताकडे बघत ऑनलाइन वांग्याचा पोशाख शोधत होते. स्वयंपाकघरातून सुमेध ओरडायचा.

"प्रज्ञा, जिरं कुठंय?"

"मोहरीच्या शेजारी."

"मोहरी कुठंय?"

एकदा तर मी कामवालीला फोनवर काहीतरी सांगत होते, तेव्हा तो दारात उभा राहून हसत म्हणाला, "मजा आहे बाबा एका माणसाची! पडल्या पडल्या उंटावरून शेळ्या हाकतंय."

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, तशी गेली. फरक एवढाच की तळपायाला काही कळत नव्हतं. मी उशी फेकून मारली असती, पण डॉक्टरांनी झटका द्यायला मनाई केली होती. मी म्हणाले, "शेळ्या तू हाक ना मग." तर म्हणाला, "चिडतेस कशाला, गंमत केली."

बस

शाळेची बस आमच्या गेटवर थांबते. कार्डावर ज्याचा फोटो आहे त्याच्याच हातात मूल देतात. नियम चांगला आहे. आमच्या कार्डावर दोन फोटो आहेत, माझा आणि सुमेधचा. आई गेल्यापासून सुमेध दुपारनंतर घरून काम करायचा, त्याच्या साहेबांनी तेवढी सवलत दिली होती.

त्या दिवशी सकाळी म्हणाला, "आज मीटिंग आहे, पण बसच्या वेळेला पोचतो. मी आहे ना."

दुपारी फोन वाजला. गेटवरचा गार्ड होता. "मॅडम, बस आ गई है, कोई लेने नहीं आया. साहब को फोन किया था, बोले मीटिंग में हूँ, मॅडम से पूछ लो."

मी सुमेधला फोन लावला. त्याने कापला. परत लावला. परत कापला. मग मेसेज आला: 'मीटिंगमध्ये. मॅनेज कर प्लीज.' शेजारच्या दाराला कुलूप. कामवाली निघून गेलेली. गार्डचा परत फोन आला, की बसवाला म्हणतोय पुढे जायचंय, बच्चीला परत शाळेत नेतो. मागे उत्पलाचं रडणं ऐकू येत होतं. "आई कहाँ है? मुझे उतरना है."

मॅनेज कर. मला सांगा, मी काय मॅनेज करायचं होतं?

मी कुशीवर वळले, पट्टा ओढून घेतला, बांधला. भिंतीला धरून लिफ्टपर्यंत गेले. खाली ऊन रणरणत होतं. टॉवरपासून गेट केवढं लांब आहे हे मला त्या दिवशी कळलं. प्रत्येक पावलाला मनात एकच होतं, पाय राहू दे, एवढी पोरगी उतरू दे आणि पाय राहू दे. गेटवर पोचले. उत्पला पायरीवरून सुटली ती धावत आली आणि माझ्या कमरेला मिठी मारली. किती दिवसांनी तिला आई उभी दिसली होती. तिचं काय चुकलं?

पाठीतून काहीतरी सर्रकन खाली गेलं आणि दोन्ही पाय माझे राहिले नाहीत. मी बसले नाही, कोसळले. गार्डने धावत खुर्ची आणली, कुणीतरी पाणी आणलं, कुणीतरी अँब्युलन्स बोलावली. उत्पला माझा हात धरून म्हणत होती, "सॉरी आई, सॉरी, मी जोरात पकडलं." ते 'सॉरी' माझ्या कानातून अजून जात नाही.

सुमेध थेट हॉस्पिटलमध्ये आला. मी स्ट्रेचरवर होते. तो घामाघूम झालेला, चेहरा पांढरा पडलेला. आणि त्याचं पहिलं वाक्य होतं, "अगं, पण तू उठलीस कशाला?"

अदलाबदल

त्या वेळी मी ओरडले नाही. माझ्यात ताकद नव्हती, आणि ओरडले असते तर लोकांना वाटलं असतं की दुखतंय म्हणून ओरडते आहे. वॉर्डात हलवल्यावर सरदारजी डॉक्टर आले. पायाच्या तळव्यावरून किल्ली ओढून विचारत राहिले, "कुछ महसूस हुआ?" मी नाही म्हणत राहिले. मग त्यांनी सुमेधकडे बघून विचारलं, "आपने तो कहा था, आप हैं?" सुमेध म्हणाला, "सर, हूँ ना, आज बस मीटिंग..."

मी म्हणाले, "नहीं सर. ये नहीं होते. ये सिर्फ कहते हैं."

पलीकडच्या खाटेवर रोहतकच्या एक आजी होत्या, त्यांनी मान वळवून सुमेधकडे असं बघितलं की बस्स. ऑपरेशन करावं लागेल की नाही ते दोन-तीन दिवस बघून ठरवू म्हणाले डॉक्टर आणि गेले.

माझा फोन उशाशी वाजायला लागला. गार्ड असणार. मी तो उचलून सुमेधच्या हातात दिला.

"हा तुझ्याकडे ठेव. तुझा मला दे."

"म्हणजे?"

"म्हणजे अदलाबदल. माझे फोन तू घे, तुझे मी घेते."

"अगं, माझ्यावर ऑफिसचे कॉल येतात."

"आले तर सांगीन, साहब मीटिंग में हैं."

त्याने फोन दिला. द्यावाच लागला. रोहतकच्या आजी बघत होत्या.

हॉस्पिटलचा दिनक्रम ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. पहाटे टेंपरेचर, मग चहा, मग रक्त, मग फरशी पुसणारी बाई 'पैर ऊपर' म्हणते आणि आपल्याला पाय वर करता येत नाहीत. मी घाबरले होते. दर थोड्या वेळाने अंगठा हलवून बघायचे. हलतोय असं वाटायचं आणि हलत नसायचा. रोहतकच्या आजी दुपारी त्यांच्या सुनेकडून माझी वेणी घालून घ्यायच्या. म्हणायच्या, "रो ले बेटी, पर बाल मत उलझने दे." एवढ्याशा गोष्टीने बरं वाटायचं.

आणि सुमेधचा फोन! तो वाजतच नव्हता. अख्ख्या सकाळी कुणाचातरी एकच मेसेज आला, की सर, परवाच्या सभेत फार छान बोललात. मी वाचला आणि बाजूला ठेवला. दुपारी जेवण झाल्यावर झोप लागली ती संध्याकाळी नर्सने उठवलं तेव्हाच जाग आली. मधे एकदाही कुणी मला काही विचारलं नव्हतं. जाग आल्यावर मला बरं वाटायच्या ऐवजी इतका संताप आला की सांगता सोय नाही. हा माणूस असा जगत होता? इतकी वर्षं, माझ्याच घरात, माझ्या शेजारी, इतक्या शांततेत?

दुसऱ्या दिवशी तो आला तर दाढी वाढलेली, शर्टाला हळदीचा डाग. आल्या आल्या म्हणाला, "यार प्रज्ञा, तुझा फोन थांबतच नाही! सकाळपासून टॉयलेटला जायला वेळ मिळाला नाही मला. उत्पलाचा डबा, तेवढ्यात गेटवाला, तेवढ्यात गॅसवाल्याला कोड, तेवढ्यात शाळेचा मेसेज की नखं कापून पाठवा. तू मला कधी सांगितलंच नाहीस की एवढं असतं."

"तुझ्या ऑफिसात कुणी तुला सांगितलं होतं?"

"काय?"

"काय काय असतं ते. पहिल्या दिवशी गेलास तेव्हा कुणी हात धरून सांगितलं होतं, की फाइल कुठंय, कोणत्या साहेबाला काय लागतं? शिकलास ना? एवढा मोठा अधिकारी झालास. मग मोहरी कुठंय हे तुला इतक्या वर्षांत का नाही कळलं? कारण तुला वाटलं हे तुझं कामच नाही. मला पण कुणी शिकवलं नव्हतं रे. मी पण नोकरीच करत होते. माझे पाय गेले तर मला व्हीलचेअरवर बसवून पण तू विचारशील, जिरं कुठंय."

तो खाली बघत होता. डोळ्यांत पाणी होतं. मी त्याची समजूत काढली नाही. बायांनो, हे मुद्दाम लिहिते आहे. आपल्याला लगेच समजूत काढायची सवय असते. आपणच आजारी आणि आपणच त्यांची पाठ थोपटतो. मी भिंतीकडे बघत राहिले.

आणखी एका सकाळी डॉक्टरांनी किल्ली ओढली आणि मला टोचलं. मी "आई गं" म्हणून ओरडले. वॉर्डातल्या सगळ्या बायका हसायला लागल्या. ऑपरेशन टळलं.

टाळ्या

घरी आले तेव्हा मी अदलाबदल मोडली नाही. फोन परत घेतला, पण त्याआधी सुमेधने शाळेत, बसमध्ये, गॅसला, गेटच्या ॲपवर स्वतःचा नंबर घातला. मी पडल्या पडल्या बघत होते. त्याने लांब रजा टाकली. बढतीची यादी लागायची होती तरी टाकली, कारण मी स्पष्ट सांगितलं होतं की या वेळी माझ्या आईला बोलावलंस तर मी तिच्याबरोबर नागपूरला जाईन आणि परत येणार नाही.

सुरुवातीला घराची दैना झाली. उत्पला एकदा खेळाच्या दिवशी साध्या गणवेशात गेली, एकदा डब्यात नुसता भात गेला. वेणी जमेना म्हणून बापलेकीने जाऊन केस कापून आणले. ती खूशच होती. कुणी मेलं नाही. मला जिभेवर आलेलं प्रत्येक 'अरे, तसं नाही' गिळावं लागलं, आणि ते त्या केशरी गोळ्यांपेक्षा कडू होतं.

पण सगळ्यात जास्त चीड कधी आली सांगू? सोसायटीतल्या बायका मला भेटायला यायच्या, सुमेध चहा घेऊन यायचा आणि त्या म्हणायच्या, "भाईसाहब तो कमाल हैं! प्रज्ञा, तुम बहुत लकी हो." लकी! माझं हाड खाल्लं गेलं, पाय जाता जाता राहिले, आणि मी लकी, कारण नवऱ्याने स्वतःच्या घरात चहा केला. पुढे मला बसता यायला लागल्यावर मासिक सभेला गेलो, तर तिथे त्याने हा अनुभव सांगितला. चांगला सांगितला, स्वतःच्या चुका पण कबूल केल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पट्टा बांधून मागच्या खुर्चीत बसले होते. माझ्या शेजारी एक वयस्क बाई होत्या, कुणाच्या तरी आई, त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे बघून हलकेच विचारलं, "तुम्ही हेच करायच्या तेव्हा कुणी वाजवल्या होत्या का?" मी नाही म्हटलं. मग आम्ही दोघी चहा घ्यायला बाहेर गेलो.

पहिल्यासारखं

शेवटची तपासणी झाली तेव्हा सरदारजींनी फोटो बघितला, मला वाकायला लावलं, उभं केलं, टाचांवर चालवलं. म्हणाले, "बस बेटा, अब भूल जाओ. सब काम कर सकती हो."

सुमेधने ते शेवटचं वाक्य नीट ऐकलं.

गाडीत बसल्यावर त्याने मोठा श्वास सोडला. खरंच आनंद झाला होता त्याला, माझ्या हातावर हात ठेवला. "चलो! सुटलो एकदाचे. आता सगळं पहिल्यासारखं."

हायवेवर ट्रॅफिक होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "ते गेटचं ॲप आणि शाळेचं वगैरे आता परत तुझ्या नंबरवर टाकू या का? मला ऑफिसात जरा ऑकवर्ड होतं. सारखा वाजतो."

"का टाकायचं?"

"अगं, आता बरी झालीस ना तू."

मी त्याच्याकडे वळून बघितलं. आता मला वळता येतं. "सुमेध, मी बरी झाले ती परत तिथेच जाऊन उभी राहायला? पहिल्यासारखं तर मी आजारी होते. पहिल्यासारखं असतानाच तर माझी चप्पल पायातून गेली आणि मला कळलं नाही. माझ्या हाती अधिकार देईन म्हणाला होतास ना सगळ्यांसमोर? तो मी परत देते आहे. अर्धा तुझा, अर्धा माझा. फोन तुझ्याकडेच राहणार."

"आणि मीटिंगमध्ये असलो तर?"

"मी पण मीटिंगमध्ये असते."

तो रुसला होता, तोंड एवढंसं केलं होतं. रुसू दे म्हटलं. माझ्या घरात सगळं गोडीगुलाबीने मिटलं असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. तो आजही अधूनमधून विसरतो, आजही सुस्कारे टाकतो, आणि मी आजही भांडते.

गेटवर गाडी थांबली. गार्ड धावत माझ्या खिडकीशी आला. "मॅडम, ठीक हो गईं? बहुत अच्छा. वो आर ओ वाला आया बैठा है, भेज दूँ?"

सवयीने तोंड उघडलं होतं मी. मग बंद केलं.

"साहब से पूछ लो, भैया."

गार्डने एकदा माझ्याकडे बघितलं, मग गाडीला वळसा घालून पलीकडच्या खिडकीशी गेला.

घरी आले. उत्पला शाळेतून यायची होती. सिंकमध्ये भांडी होती, सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता, जेवायला काय ते ठरलेलं नव्हतं. मला ताप नव्हता, पाठ दुखत नव्हती, पायांना फरशीचा गारवा अगदी स्वच्छ कळत होता. मी आतल्या खोलीत गेले आणि भर दुपारी, धडधाकट अंगाने, आडवी झाले.

"प्रज्ञा, काय होतंय?" सुमेध घाबरून दारात आला.

"काही नाही. जरा पाठ टेकते."

बाहेर त्याचा फोन वाजायला लागला. मी कूस बदलली.